आपण देवाचे लोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाप्तिस्म्याची किंवा दृढीकरणाची (घेतलेला विश्वास पक्का करण्याच्या विधीची) तयारी करणाऱ्यांच्या वर्गात मी बरीच वर्षे बसतो आहे. शिकवतो कमी, ऐकतो जास्त. तिथे त्रैक्यावर (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव यावर) किंवा पुनरुत्थानावर प्रश्न येतातच, पण सगळ्यात जास्त वेळा येतो तो प्रश्न म्हणजे "मी यात बसतो का?" कधी तो बाप्तिस्म्याच्या नावाने येतो, कधी चर्चला न जाण्याच्या, कधी जुन्या पापाच्या. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे उतरवले आहेत. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

‘देवाचे लोक’ हे शब्द बायबलमध्ये येतात कुठून?

निर्गमाच्या पुस्तकातून. मिसरातून सुटलेली माणसे सीनाय डोंगराच्या पायथ्याशी पोचतात आणि एकोणिसाव्या अध्यायात देव त्यांना सांगतो की माझा करार पाळाल तर तुम्ही माझा खास ठेवा, याजकांचे राज्य, पवित्र राष्ट्र व्हाल. इथला क्रम बघा. आधी सुटका झाली, मग समुद्र ओलांडला, मग रानात देवाने पुरवलेला मान्ना खाल्ला, आणि त्यानंतर विसाव्या अध्यायात दहा आज्ञा आल्या. त्या आज्ञांची सुरुवातही "तुला दास्यातून बाहेर काढणारा तो मी" अशीच आहे. आज्ञा पाळल्या म्हणून सोडवले, असे कुठेच म्हटलेले नाही. वर्गात या एका क्रमावर माझा अर्धा तास जातो, कारण आपल्या डोक्यात हिशेब बरोबर उलटा बसलेला असतो: आधी नीट वागा, मग देव आपल्याला आपले म्हणेल.

आणखी एक गोष्ट वाचताना सुटून जाते. मिसरातून निघालेला जमाव एका रक्ताचा नव्हता. निर्गम 12:38 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की त्यांच्याबरोबर मिश्र समुदायही निघाला. म्हणजे ‘देवाचे लोक’ पहिल्या दिवसापासूनच सरमिसळ.

मग इसवी सनापूर्वी आठव्या शतकात होशेय हा संदेष्टा येतो. देव त्याला मुलाचे नाव ठेवायला सांगतो लो-अम्मी, म्हणजे ‘माझे लोक नव्हत’. वाचताना हे एक रूपक वाटते, पण संध्याकाळी दारात उभे राहून त्या पोराला हाक मारायची म्हटले तर? ‘माझे-लोक-नव्हत, चल, जेवायला ये.’ प्रत्येक हाकेसरशी शेजारीपाजारी ऐकत असणार. पुढच्याच अध्यायात तो शब्द उलटतो: जे माझे लोक नव्हते त्यांना मी म्हणेन, तू माझे लोक आहेस.

येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राने हे दोन्ही धागे एका जागी बांधले. आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या, समाजात कसलेही वजन नसलेल्या विश्वासणाऱ्यांना तो सीनायवरचे शब्द लावतो: "निवडलेला वंश, राजकीय याजकगण, पवित्र राष्ट्र, देवाचे स्वतःचे लोक." आणि लगेच पुढच्या वचनात होशेयाचे शब्द येतात, की पूर्वी तुम्ही लोक नव्हता, आता देवाचे लोक आहात. ‘राजकीय’ म्हणजे इथे राजाचे, राजेशाही. निवडणुकीच्या राजकारणाशी त्याचा संबंध नाही, तरी दर वर्षी कोणीतरी विचारतेच.

मग ‘ख्रिस्ती’ हे नाव कोणी दिले?

बाहेरच्यांनी. प्रेषितांची कृत्ये 11:26 सांगते की शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळाले. बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) तिथे वर्षभर शिकवत होते. शब्दाची घडण ‘हेरोदी’सारखी आहे: अमक्याच्या बाजूचे, अमक्याच्या गोटातले. कौतुकापेक्षा त्यात ओळखपट्टीचा किंवा टोमण्याचाच वास जास्त. संपूर्ण नव्या करारात हा शब्द फक्त तीन वेळा येतो. दुसऱ्या वेळी तो अग्रिप्पा राजाच्या तोंडी आहे. तिसऱ्या वेळी पेत्र म्हणतो की ख्रिस्ती म्हणून सोसावे लागले तर लाज वाटू देऊ नका.

ते स्वतःला काय म्हणत? शिष्य, बंधू, पवित्र जन, आणि ‘त्या मार्गाचे’. यातला शेवटचा शब्द मला सगळ्यात आवडतो. मार्गावर असलेला माणूस पोचलेला नसतो, आणि तसे त्याने भासवायचीही गरज नसते.

बाप्तिस्मा घेताना नाव बदलावे लागते का?

नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातली नावे वाचा. फिबी हे नाव अर्तमी देवीच्या बिरुदावरून आलेले. हर्मेस तर सरळ ग्रीक देवाचेच नाव. दुसरीकडे भेटणारा अपुल्लोस हा अपोलोवरून. यांपैकी कोणालाही नाव बदलायला सांगितल्याचे दिसत नाही. शौलाचा पौल झाला तो दिमिष्काच्या वाटेवर, येशूचे दर्शन झाले तेव्हा, हाही एक लाडका गैरसमज. ‘शौल, ज्याला पौलही म्हणत’ असा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत पुढे तेराव्या अध्यायात येतो. एक नाव घरचे, एक रोमी जगातले. आनंदाने नवे नाव घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण अट म्हणून कोणी सांगत असेल तर त्याला ही यादी दाखवा.

देवाने काहींना निवडले, म्हणजे बाकीच्यांना नाकारले, असेच ना?

हा प्रश्न जो विचारतो त्याच्या मनात बहुतेक वेळा संघात निवड झालेली आणि न झालेली मुले असतात. बायबलमधली निवड तशी नाही. अब्राहामाला बोलावले तेव्हाच कारण सांगितले: तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. निवडले एकाला, पण डोळ्यांसमोर होते सगळे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात तर इस्राएलाला बजावून सांगितले आहे की तुम्ही संख्येने मोठे म्हणून तुम्हांला निवडले नाही, तुम्ही तर सर्वांत थोडे होता. प्रेम केले म्हणून निवडले, बस. त्या वाक्यात गुणवत्ता शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

आणि याजक कशासाठी असतो? इतरांसाठी. सगळे राष्ट्रच याजक असेल तर ते कोणासाठी तरी मध्ये उभे आहे, हे ओघाने आलेच.

तरीही एक गोष्ट लपवू नये. ‘आम्ही निवडलेले’ हे शब्द इतिहासात छातीवर बिल्ल्यासारखे लावले गेले. जमिनी बळकावायला वापरले गेले, गुलाम ठेवायला वापरले गेले. ते वाचन चुकीचे होते असे आज म्हणणे सोपे. पण ते चुकीचे का होते, हे बायबलमधूनच दाखवता आले पाहिजे, आणि दाखवता येते. अनुवाद 23 मध्ये म्हटले आहे की मवाबी माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. आणि रूथ मवाबीच आहे. सासूच्या, नामीच्या, मागे चालत येते, म्हणते तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. तिचाच पणतू दावीद, आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत तिचे नाव. त्याच अनुवाद 23 मध्ये षंढालाही मज्जाव आहे. यशयाच्या 56व्या अध्यायात देव त्याच षंढांना आपल्या घरात नाव देण्याचे वचन देतो. आणि प्रेषितांच्या आठव्या अध्यायात कूशी देशाचा एक षंढ अधिकारी रथात बसून यशयाच वाचत असतो. वाटेत पाणी दिसते आणि तो सुवार्तिक फिलिप्पाला विचारतो: मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? त्याला हरकती तोंडपाठ असणार. यरुशलेमेहून उपासना करून परतणारा माणूस होता तो. फिलिप्प एकही हरकत काढत नाही, रथ थांबतो आणि दोघे पाण्यात उतरतात.

मग यहुदी लोकांचे काय? त्यांची जागा आता मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समाजाने, घेतली का?

‘जागा घेतली’ हे शिकवण अनेक शतके चालले आणि त्याने फार रक्त सांडले. पौल असे म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या नवव्या ते अकराव्या अध्यायांत तो या प्रश्नाशी अक्षरशः झगडतो, आणि शेवटी जैतुनाचे झाड समोर ठेवतो. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, विश्वासणारे म्हणजे रानटी जैतुनाची फांदी, दुसऱ्याच्या झाडावर कलम केलेली. म्हणून ताठू नकोस, तो म्हणतो, तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला आधार देते. देवाने आपल्या लोकांना टाकले का? "मुळीच नाही."

दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने जुना करारच काढून टाकायचा घाट घातला होता. रोमच्या मंडळीने सुमारे 144 साली त्याला बाहेर काढले. म्हणजे मूळ तोडून फांदी जगत नाही हे तेव्हाच ठरले होते. पण ठरलेले विसरलेही गेले. कॅथलिक ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 28 ऑक्टोबर 1965 रोजी, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट लादता येणार नाही, असे जाहीर केले. इतर अनेक मंडळ्यांनीही आपापली शिकवण तपासली. रोमकर 11 समजून घ्यायला एवढा उशीर का लागला, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे.

मी ख्रिस्ती घरात जन्मलो. तेवढे पुरेसे नाही का?

पेत्र ‘वंश’ म्हणतो खरा, पण त्याच पत्रात तो म्हणतो की तुमचा जन्म नव्याने झाला आहे. त्यामुळे हा वंश रक्ताने चालत नाही. योहानाचे शुभवर्तमान पहिल्याच अध्यायात तेच सांगते.

पण याच्या उलट टोकालाही मी जाऊ देत नाही. काही लोक जन्माने ख्रिस्ती असलेल्याला असे वागवतात की जणू त्याची आजवरची प्रार्थना, आजीच्या मांडीवर ऐकलेली गीते, सगळे फुकट. ते फुकट नाही. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, त्याच्या आजीच्या, लोईसच्या, विश्वासाची आठवण करून देतो. वारशाने घर मिळते. त्या घरात राहायला जायचे की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

लहानपणी माझा बाप्तिस्मा झाला. मला काही आठवत नाही. आता पुन्हा घेऊ का?

याचे उत्तर कोणत्या परंपरेत विचारता त्यावर अवलंबून आहे, आणि मी ते झाकणार नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट आणि बऱ्याच इतर मंडळ्यांत बालकांना बाप्तिस्मा देतात आणि पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा एकदाच, असे मानतात. बाप्टिस्ट, पेंटेकोस्टल आणि त्यांच्यासारख्या मंडळ्यांत स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा. त्यामुळे त्यांच्या लेखी तो ‘पुन्हा’ नसतोच, पहिलाच असतो. हा वाद जुना आहे. जानेवारी 1525 मध्ये झुरिकमध्ये काही प्रौढांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला आणि त्यापायी पुढे कित्येकांचे जीव गेले. विरोधकांनी त्यांतल्या काहींना पाण्यात बुडवूनच मारले.

माझे स्वतःचे मत असे: ‘आठवत नाही’ हे कारण म्हणून पुरेसे नाही. तुमचे नाव कोणी ठेवले तेही तुम्हांला आठवत नाही, तरी हाक आली की तुम्हीच वळता. पण माझ्या मंडळीची परंपरा माझ्या मताच्या मागे उभी आहे, हे लक्षात घेऊन ते वाचा.

मी घरीच बायबल वाचतो, प्रार्थना करतो. मंडळीत न जाता ख्रिस्ती राहता येत नाही का?

इथे मराठी आपल्याला थोडे फसवते आणि थोडी मदतही करते.

फसवते ती ‘तुम्ही’ या शब्दात. मराठीत एका वडीलधाऱ्या माणसालाही आपण तुम्ही म्हणतो. त्यामुळे "तुम्ही देवाचे मंदिर आहात" हे करिंथकरांस पहिल्या पत्रातले वचन वाचले की वाटते, पौल मला आदराने बोलतो आहे. ग्रीकमध्ये तिथे सरळ अनेकवचन आहे: तुम्ही सगळे मिळून एक मंदिर. माणसे अनेक आणि मंदिर एकच. पेत्राचे "तुम्ही निवडलेला वंश" हेही तसेच. त्या वचनाची चौकट करून एकट्याने खोलीत लावता येते, पण ते लिहिले गेले होते जमलेल्या लोकांपुढे मोठ्याने वाचण्यासाठी.

मदत करते ती ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या जोडीत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे ते ‘आम्ही’, त्याला आत घेणारे ते ‘आपण’. ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द, म्हणून प्रत्येक ठिकाणी मराठी भाषांतरकाराला ठरवावे लागले असणार की इथे पौल कोणाला धरतो आणि कोणाला वगळतो. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आमच्या पित्या’ म्हणतो ते बरोबरच, कारण ऐकणारा देव आहे आणि तो काही आपल्याबरोबर भाकर मागत नाही. पण त्या सबंध प्रार्थनेत ‘माझा’ आणि ‘मला’ कुठेही नाही. दार लावून एकट्याने म्हटली तरी ती ‘आमची रोजची भाकर’ मागते. म्हणजे तुम्ही एकटे असताना सुद्धा इतरांना बरोबर घेऊनच बोलता.

आजारपण, अंतर, छळ, तुरुंग अशा कारणांनी माणूस मंडळीपासून तुटतो तेव्हा तो देवाच्या लोकांतून तुटत नाही. एलीया संदेष्टा रानात रडला की मीच एकटा उरलो, आणि उत्तर मिळाले की सात हजार शिल्लक आहेत. त्याला एकही माहीत नव्हता. पण आपले बहुतेकांचे कारण तुरुंगाचे नसते. माणसे कंटाळवाणी असतात, हे असते. ते खरेही असते. आणि ‘मंडळी’ हा शब्द आपल्याकडे घरच्या माणसांसाठी वापरतात, तो उगीच नाही. घरची माणसे कोण निवडून घेतो?

मी जातो, पण तिथे मला परकेच वाटते. मग?

मलाही वाटले आहे. नव्या गावी गेलो होतो, तिथल्या एका चर्चला सलग काही रविवार शेवटच्या बाकावर बसत होतो. गीताचे पुस्तक माझ्या हाती कोणी दिले नाही. शेजारच्या बाईंच्या पुस्तकात मी मान वाकडी करून बघत होतो, आणि त्यांनी ते हळूच जरा आपल्याकडे ओढून घेतले. मुद्दाम नसेल, सवयीने असेल. पण ती दोन बोटांची ओढ मला अजून दिसते. पाचव्या की सहाव्या रविवारी एका शाळकरी पोराने आपले पुस्तक उघडून माझ्या पुढ्यात धरले आणि स्वतः पाठ म्हणत राहिला. पुढे मी त्या मंडळीत बरीच वर्षे राहिलो.

यातून नियम काढू नका. काही ठिकाणी ते पोर कधीच येत नाही, आणि तिथून उठून दुसरीकडे जाणे हा विश्वासघात नव्हे. जिथे अपमान, दहशत किंवा अत्याचार होत असेल तिथे तर ‘सहन करा, आपलेच लोक आहेत’ हा सल्ला देणाऱ्याचे ऐकूच नका. योग्य ठिकाणी तक्रार करा. पण नुसते परकेपण हे पेत्राला अनोळखी नव्हते. तो वाचकांना ‘प्रवासी आणि परदेशी’ म्हणतो. ‘पॅरिश’ (एका चर्चची हद्द आणि तिथली माणसे) हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थही परक्या जागी केलेला मुक्काम असाच आहे. तेव्हा सगळेच परके आहेत, फक्त काहींना बाक सापडले आहेत.

माझ्या हातून फार मोठे पाप झाले. मी अजून देवाच्या लोकांत आहे का?

मंडळीपुढे हा प्रश्न तिसऱ्या शतकात अगदी उघड उभा राहिला. 250च्या सुमारास रोमी सम्राट देकियस याने फर्मान काढले की सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून दाखला घ्यावा. त्या दाखल्यांपैकी चाळीसहून अधिक पपायरसवर लिहिलेले आजही शिल्लक आहेत. मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो, आताही तुमच्यासमोर केले, नैवेद्य चाखला, दाखला मिळावा, अशा मायन्याचे कोरडे सरकारी कागद. अनेक ख्रिस्ती लोकांनी अर्पण केले, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे सगळे चर्चच्या दाराशी आले.

घ्यायचे की नाही? रोममध्ये नोवाशियन नावाचा याजक म्हणाला, कदापि नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दोन्ही टोके नाकारली. 251 मध्ये कार्थेजच्या परिषदेत ठरले की पश्चात्तापाचा काळ घालवून, ज्याची जशी चूक तसा विचार करून, परत घ्यायचे. मंडळीचा मुख्य प्रवाह त्या बाजूने गेला. पुढे 258 मध्ये सिप्रियनने स्वतः विश्वासासाठी प्राण दिला, म्हणजे तो काही ढिला माणूस नव्हता.

याआधीचे उदाहरण तर पेत्राचेच. योहानाच्या शुभवर्तमानात, येशूला पकडले त्या रात्री, तो महायाजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा असतो आणि तीन वेळा येशूला नाकारतो. कोळशांच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो: एकविसाव्या अध्यायात, किनाऱ्यावर, जिथे उठलेला येशू मासे भाजत असतो. पेत्राच्या नाकाला तोच धूर लागला असणार. आणि तिथे त्याला तीन वेळा विचारले जाते, माझ्यावर प्रीती करतोस का? त्या अंगणातल्या रात्रीबद्दल येशू एक अक्षर काढत नाही. "या, न्याहारी करा," हे मात्र म्हणतो.

ज्याच्यावर अन्याय केलात त्याची भरपाई, कायद्याने असलेली शिक्षा, हे सगळे त्यामुळे माफ होते असे समजू नका. जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत केले.

शंका येतात. चालेल?

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात डोंगरावर अकरा जण येशूला नमन करतात, "पण कित्येकांस संशय वाटला." त्याच अकरांना लगेच पुढच्या वचनांत जगभर पाठवले जाते. संशय असलेल्यांना वेगळे काढून मग पाठवले, असे मत्तय लिहीत नाही.

फादर, पाळक, सिस्टर हे आपल्यापेक्षा जास्त ‘देवाचे’ असतात का?

काम वेगळे आहे, जवळीक नाही. सामान्य विश्वासणाऱ्यासाठी युरोपीय भाषांत जो शब्द आहे (इंग्रजीत ‘लेइटी’) तो ग्रीक ‘लाओस’वरून येतो, म्हणजे ‘लोक’, देवाचे लोक म्हणताना वापरलेला तोच शब्द. म्हणजे ‘मी काय साधा प्रापंचिक’ असे म्हणताना तुम्ही नकळत स्वतःला सगळ्यात मोठी पदवी देत असता. मार्टिन लुथरने 1520 मध्ये बाप्तिस्म्याने सगळेच याजक होतात हे ठासून मांडले. कॅथलिक बाजूने, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी ख्रिस्तसभेवर जो दस्तऐवज काढला त्यात दुसरा अध्याय ‘देवाचे लोक’ असा आहे आणि धर्माधिकाऱ्यांवरचा अध्याय तिसरा. दोन्ही परंपरा यावर अजून भांडतात, पण अध्यायांचा तो क्रम कोणी सहज लावलेला नाही.

देवाचे लोक एक, तर मग इतके पंथ कसे?

भांडलो म्हणून. 451 मध्ये काल्सेदोनच्या परिषदेवरून, 1054 मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात, सोळाव्या शतकात युरोपभर. काही भांडणे सत्यासाठी होती, काही सत्तेसाठी, बरीचशी दोन्हींसाठी. नायसियाच्या मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या जुन्या कबुलीत, आजही ‘एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय’ मंडळी म्हणतात, आणि ते म्हणणाऱ्या सगळ्यांना एका वेदीपाशी बसता येत नाही. याला मी पांघरूण घालत नाही. दुखते ते दुखते.

मी स्वर्गाचा नागरिक असेन तर देशाचा राहतो का?

राहता. "आपले नागरिकत्व स्वर्गात आहे" हे पौल लिहितो ते फिलिप्पैकरांना, आणि फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. तिथे नागरिकत्व म्हणजे काय हे रस्त्यावरच्या पोरालाही ठाऊक असे. पौल स्वतः रोमी नागरिक होता आणि गरज पडली तेव्हा तो हक्क त्याने खणखणीतपणे बजावला: खटल्याशिवाय फटके मारले, आता गुपचूप सोडता होय? स्वतः येऊन बाहेर काढा म्हणावे. यिर्मया संदेष्ट्याने तर बाबेलात पकडून नेलेल्यांना, शत्रूच्या राजधानीत, घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे लिहून पाठवले.

दुसऱ्या शतकातला एक अनामिक लेखक दिओग्नेतस नावाच्या माणसाला समजावतो की ख्रिस्ती लोक वेगळ्या शहरांत राहत नाहीत, वेगळी भाषा बोलत नाहीत. प्रत्येक परका देश त्यांना मायदेश आणि प्रत्येक मायदेश परका. त्या पत्राची जुनी हस्तलिखित प्रत एकच उरली होती, तीही 1870च्या युद्धात स्ट्रासबर्गमध्ये जळाली. नकला आधीच झाल्या होत्या, म्हणून मजकूर वाचला.

घरात विश्वास ठेवणारी मी एकटीच आहे. मग माझे लोक कोण?

दोन्हीकडचे. पेत्राचे पत्र अशा स्त्रियांशी बोलते ज्यांचे पती विश्वासणारे नाहीत, आणि त्यांना घर सोडायला सांगत नाही. पौलही करिंथकरांना तेच सांगतो: जोडीदार राहायला तयार असेल तर राहा. नवे कुटुंब मिळाले म्हणून जुने टाकून द्यायचे नसते. घरच्या सणात किती सामील व्हायचे, हा अवघड भाग आहे आणि त्याचे एका ओळीचे उत्तर मी देत नाही. ते तुम्हांला आणि तुमच्या घराला ओळखणाऱ्या माणसाशी बोलून ठरवा. बाप्तिस्म्याच्या वेळी तुमच्या बाजूला उभे राहणारे कोणी नसेल, तर मंडळीने कोणाला तरी उभे केले पाहिजे. ते तुम्ही मागायची वेळच येऊ नये.

हे सगळे रोजच्या वागण्यात दिसते कुठे?

जेवणात. गंमत नाही. अंत्युखियात, जिथे ‘ख्रिस्ती’ नाव पडले तिथेच, पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली आणि तो हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. बर्णबाही ओढला गेला. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत धरले. सुंतेशिवाय परराष्ट्रीयांना घ्यायचे का, यावर सुमारे 49 साली यरुशलेमेत मोठी सभा झाली, भाषणे झाली, पत्र निघाले. पण खरी कसोटी पंगतीत होती: कोण कोणाशेजारी बसतो.

करिंथातही तेच. प्रभुभोजनासाठी लोक एका घरात जमत. ज्यांना सवड असे ते सधन लोक लवकर येत, आपापले डबे उघडत, पीतही. राबणारी माणसे, गुलाम, काम आटोपून येईपर्यंत भांडी रिकामी. एक भुकेला राही आणि दुसरा झिंगलेला. पौल यावर संतापतो, लिहितो की तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजनच नव्हे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात देहाबद्दल, रक्ताबद्दल, न्यायाबद्दल इतके भारी शब्द येतात की वाचणाऱ्याला वाटते, आता शेवटी काहीतरी मोठे धर्मतत्त्व येणार. आणि तो लिहितो: माझ्या बंधूंनो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.